वैमानिकाच्या नोकरीची दोन पत्रे: तासाचा दर पाहावा की हमीचे तास?

उदगीरचे गुरुजी

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आमच्या भागात विज्ञान शाखेत चांगले गुण मिळवणारे मूल नीटच्या तयारीलाच लागणार, असे लोक धरून चालतात. माझ्या मुलीने मात्र भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी केली आणि वैमानिकाची वाट धरली. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासण्या आणि शेवटी एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता), एवढे सगळे आता पार पडले आहे. त्यापायी बँकेचे कर्ज झाले, घर तारण ठेवले आणि वाटणीला आलेल्या जमिनीतला रस्त्यालगतचा तुकडा विकावा लागला. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. पुढचा प्रश्न दर महिन्याच्या हप्त्याशीच बांधलेला आहे, म्हणून सांगतो.

मुलीला दोन कंपन्यांकडून फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून नेमणुकीची पत्रे आली आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही. मूळ पगार दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे. फरक आहे तो उड्डाण भत्त्यात. पहिली कंपनी ताशी ३,००० रुपये देते आणि महिन्याला ७० तासांची हमी देते, म्हणजे विमान कमी उडाले तरी ७० तासांचे पैसे मिळणार. दुसरी ताशी ४,००० रुपये देते, पण हमी ४० तासांचीच. पहिलीचा बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते ठिकाण, दिल्ली, दुसरीचा हैदराबाद. दुसरीचा बाँड, म्हणजे ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार, पहिलीपेक्षा दोन वर्षांनी लांब आहे.

घरात दोन तट पडले आहेत. माझे मेहुणे म्हणतात की दर जास्त ती कंपनी चांगली, आणि शिवाय आता विमान कंपन्यांत वैमानिकांसाठी ओढाताण चालू असल्यामुळे पगार वाढतच जाणार, तेव्हा आजच्या आकड्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. मुलगी म्हणते की पैशांपेक्षा रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचे वेळापत्रक, कसे असते ते आधी विचारा. कामाचे तास आणि विश्रांती यांचे नियम जर सरकारनेच ठरवलेले असतील, तर कंपनीगणिक रोस्टर वेगळे कसे असू शकते, हे मला उमगत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

जालना ते अंधेरी

गुरुजी, लेकीचे मनापासून अभिनंदन. मी मूळ जालन्याचा, गेली काही वर्षे ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे आणि मुंबई बेसवर असल्यामुळे अंधेरीत राहतो. आपण गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा आधी आकडेच मांडू.

ज्या महिन्यात ७५ तास उड्डाण होईल, त्या महिन्यात पहिल्या कंपनीत भत्ता २,२५,००० रुपये आणि दुसरीत ३,००,००० रुपये होईल. एवढेच पाहिले तर आपल्या मेहुण्यांचे म्हणणे बिनतोड आहे. पण ज्या महिन्यात उड्डाण २० तासांवरच अडकेल, त्या महिन्यात पहिली कंपनी हमीप्रमाणे २,१०,००० रुपये देईल आणि दुसरी १,६०,००० रुपये. पारडे फिरते ते साडेबावन्न तासांवर: महिन्याची सरासरी त्याच्या वर राहिली तर दुसरी कंपनी फायद्याची, खाली राहिली तर पहिली. म्हणजे खरा प्रश्न दराचा नसून आपली लेक पहिल्या दोन वर्षांत दरमहा किती तास उडेल हा आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या हातात नाही.

कायद्याने वर्षाला १,००० तासांच्या वर उडता येत नाही, म्हणजे महिन्याची सरासरी फार तर ८३ तास. नवा फर्स्ट ऑफिसर त्या आकड्याच्या आसपास लगेच पोचत नाही. सुरुवातीचे काही महिने वर्गातले प्रशिक्षण, सिम्युलेटर आणि मग प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखालचे लाइन ट्रेनिंग यांत जातात, आणि त्या काळात कोणती कंपनी हमी पूर्ण देते, कोणती अर्धी देते आणि कोणती केवळ विद्यावेतन देते, हे पत्रात बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेले असते. ते ओळ न ओळ वाचा. हमीचे तास रजेच्या दिवसांच्या प्रमाणात कापले जातात का, तेही पाहा. ३० दिवसांच्या महिन्यात १० दिवस रजा घेतली आणि हमी ७० वरून सुमारे ४७ वर आली, असे घडू शकते. नवख्या माणसाला ते पगाराची स्लिप हातात पडल्यावरच कळते.

दुसरे असे की विमानेच जमिनीवर राहिली तर वैमानिक कितीही हुशार असला तरी त्याचे तास भरत नाहीत. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या अडचणींमुळे गो फर्स्टची निम्मी विमाने उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच इंजिनांमुळे इंडिगोचीही पुष्कळ विमाने बराच काळ उभी होती, याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. अशा काळात ज्याची हमी मोठी त्याचे घर चालते.

हमीचे महत्त्व पाहायचे असेल तर विस्तारा या विमान कंपनीचे उदाहरण घ्या. २०२४ च्या सुरुवातीला, एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत, त्या कंपनीने नवा करार पुढे केला आणि त्यात हमीचे तास ७० वरून ४० वर आणले. हमीच्या वर उडालेल्या तासांना जादा पैसे मिळणार होते, तरीही वैमानिक नाराज झाले. अनेकांनी आजारपणाची रजा टाकली, मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला उड्डाणे रद्द होत गेली आणि शेवटी कंपनीला आपल्या वेळापत्रकातली सुमारे दहा टक्के उड्डाणे कमी करावी लागली. जादा तासांचे पैसे मिळणार असतानाही माणसे का चिडली, याचे उत्तर वरच्या साडेबावन्न तासांच्या हिशेबात आहे. आपल्यासमोरच्या दोन पत्रांत नेमके हेच दोन आकडे, ७० आणि ४०, समोरासमोर आले आहेत.

माझे मत विचाराल तर कर्जाचा मोठा भाग फिटेपर्यंत मोठी हमी बरी. कॅप्टन झाल्यावर दराचा विचार करायला पुष्कळ वर्षे आहेत.

गोदाकाठ

मी एका विमान कंपनीच्या क्रू शेड्यूलिंग विभागात, म्हणजे जिथे वैमानिकांची रोस्टरे बनतात तिथे, बरीच वर्षे काम केले आणि आता पैठणला निवृत्त आयुष्य जगतो आहे. गुरुजींनी विचारलेल्या शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे नियम एकच असताना रोस्टर वेगळे कसे, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यातच सगळी गोम आहे.

सरकारी नियम ही तळाची फरशी आहे. तिच्याखाली कोणत्याही कंपनीला जाता येत नाही, पण तिच्यावर किती उंच उभे राहायचे हे कंपनी ठरवते. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि तिच्यात दोन स्थानिक रात्री यायलाच हव्यात असे ठरले. रात्र पूर्वी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत धरत, ती सहापर्यंत धरली गेली. रात्रीच्या वेळेत शिरणाऱ्या ड्यूटीत लँडिंगची संख्या पूर्वी सहापर्यंत चाले, ती दोनवर आली. शिवाय अशा ड्यूटीत उड्डाण ८ तासांपर्यंत आणि एकूण ड्यूटी १० तासांपर्यंत अशी मर्यादा घातली गेली. हे सगळे १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली, नियम लांबले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर १ जुलै २०२५ व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले.

पुढे काय झाले ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांत बसेल एवढे मनुष्यबळ रोस्टरमध्ये नव्हते. डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि दुसरीकडे सरकारने तिला वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला लावली. नियम सर्वांना एकच होता आणि तारीखही सर्वांना एकच होती, तरीही तडाखा एकाच कंपनीला एवढ्या जोरात का बसला, याचा विचार करा. ज्या कंपनीचे रोस्टर फरशीला टेकून चालते, तिच्याकडे फरशी चार बोटे वर उचलली तरी उभे राहायला जागा उरत नाही. आपल्या लेकीला दोन कंपन्यांची तुलना करायची असेल, तर दर विमानामागे कंपनीकडे किती वैमानिक आहेत हे तिने मुलाखतीत नि:संकोच विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच असते.

आता रोस्टर आतून कसे दिसते ते पाहा. समजा, दिल्ली बेसच्या फर्स्ट ऑफिसरला सकाळी दिल्लीहून चिकलठाणा, परत दिल्ली आणि मग अमृतसर ये-जा अशी ड्यूटी मिळाली. उड्डाण भत्ता मोजला जातो तो ब्लॉक तासांवर, म्हणजे चाकांखालचे अडसर निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतच्या वेळावर. उड्डाणाच्या आधीची हजेरी, ब्रीफिंग, दोन फेऱ्यांमधला थांबा, धुक्यामुळे गेटवर उभे राहून काढलेले दोन तास यांतले काहीच त्यात धरत नाहीत. त्यामुळे दहा-अकरा तासांच्या ड्यूटीचे पैसे सहा-सात तासांचेच निघतात. एखादी कंपनी फेऱ्या लागोपाठ लावून तेवढेच ब्लॉक तास आठ तासांत बसवते, तर दुसरी मधे तीन तासांचे भोक ठेवते आणि पुन्हा वर विमानही बदलायला लावते. दोघीही नियमातच असतात.

असेच स्टँडबायचे. घरी किंवा विमानतळावर तयार बसायचे आणि बोलावणे आले नाही तर त्या दिवसाचा भत्ता शून्य, की काही तास धरले जातात? डेडहेडचे, म्हणजे दुसऱ्या गावी ड्यूटी आहे म्हणून प्रवासी म्हणून बसून जावे लागते त्याचे, पैसे वेगळे मिळतात की नाही? बेसबाहेर रात्र काढल्यास लेओव्हर भत्ता किती? रोस्टर किती दिवस आधी हाती येते आणि आल्यावर किती वेळा बदलते? वैमानिकांची खरी कुरबुर असते ती या शेवटच्या गोष्टीची. डिसेंबरच्या त्या गोंधळानंतर इंडिगोनेही यांतले काही भत्ते वाढवले, यावरून कंपन्यांनाही दुखणे कुठे आहे ते नेमके माहीत असते, हे दिसते.

आणखी एक कलम नजरेतून सुटू देऊ नका. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, असे डीजीसीएचे सांगणे होते. ते ५ डिसेंबर २०२५ रोजी, त्या गोंधळाच्या भरात, मागे घेतले गेले. म्हणजे वैमानिकाने स्वतःच्या हक्काची रजा घेतली, तर त्याच दिवसांत त्याची साप्ताहिक विश्रांतीही उरकली असे कंपनी म्हणू शकते. करारात याबद्दल काय लिहिले आहे ते पाहा.

हे सगळे केवळ सोयीसाठी आहे असे कोणी समजू नये. मे २०१० मध्ये मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान पहाटे सहाच्या सुमारास उतरताना धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपेत होता आणि जागे झाल्यावर त्याचे निर्णय त्या गुंगीतच झाले, असे चौकशीत निष्पन्न झाले. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत मंदावलेले असते, हे वैद्यकशास्त्र सांगते. रात्रीचे नियम त्यावरच उभे आहेत.

नांदेड ते डॅलस

गोदाकाठ काकांनी रोस्टरचे पोट उघडून दाखवले, त्याला जोड म्हणून अमेरिकेत हे कसे चालते ते लिहितो. मी वैमानिक नाही, विमान देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण माझ्या आसपास वैमानिक पुष्कळ आहेत.

इथल्या मोठ्या कंपन्यांचे पगार वैमानिकागणिक ठरत नाहीत. संघटना आणि कंपनी यांचा एकच करार असतो, त्यात विमानाचा प्रकार, पद आणि सेवेची वर्षे यांनुसार ताशी दरांचा तक्ता असतो आणि तो तक्ता कोणालाही वाचायला मिळतो. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढ देणारा करार मंजूर केला. त्याच वर्षी अमेरिकन आणि युनायटेड या कंपन्यांना तसेच करार करावे लागले आणि जानेवारी २०२४ मध्ये साउथवेस्टनेही केला. डेल्टाच्या करारात तर असे कलम होते की अमेरिकन किंवा युनायटेडने जास्त दर दिला, तर डेल्टाचा दर त्यांच्यापेक्षा एक टक्का वर जाईल. मेहुणे ज्या स्पर्धेबद्दल बोलत आहेत, ती अशी दिसते. पण ती चालते कारण वैमानिक एकत्र बसून वाटाघाट करतात. एकट्यादुकट्याने कंपनी सोडून जाण्याला इथेही फार वाव नाही. दुसऱ्या कंपनीत गेलात की ज्येष्ठता शून्यावर येते आणि वीस वर्षांचा कॅप्टनही पहिल्या वर्षाच्या पगारावर उभा राहतो.

काकांनी सांगितलेल्या तीन तासांच्या भोकावर इथल्या करारांत एक तोडगा आहे, त्याला रिग म्हणतात. साधारणपणे ड्यूटीच्या दर दोन तासांमागे निदान एका तासाचे पैसे, आणि घराबाहेर काढलेल्या दर साडेतीन तासांच्या आसपास एका तासाचे पैसे, असे बंधन कंपनीवर असते. ब्लॉक तास कमी भरले तरी. त्यामुळे वैमानिकाला हॉटेलात किंवा विमानतळावर नुसते बसवून ठेवणे कंपनीलाच महाग पडते आणि रोस्टर बनवणाऱ्याचा हात आपोआप घट्ट फेऱ्यांकडे वळतो. सरकारला त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. आपल्याकडच्या कोणत्या कंपनीने असे काही देऊ केले, तर ताशी दोनशे-चारशे रुपये कमी घेऊनही मी ते पत्र वर ठेवेन.

सरकारी नियम मात्र इथेही अपघातानंतरच हलले. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडले, ५० जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर सिअॅटलजवळ आई-वडिलांकडे राहत होती आणि रात्रभर प्रवास करून नेवार्कच्या बेसवर पोचली होती. पगार इतका कमी की बेसच्या गावी घर घेणे तिला परवडत नव्हते. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला, फर्स्ट ऑफिसरलाही १,५०० तासांच्या अनुभवाची अट आली आणि जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. घर आणि बेस यांतले अंतर कोणत्याही नियमात कामाचा वेळ म्हणून मोजले जात नाही, पण शरीर ते मोजते. या दृष्टीने दिल्ली आणि हैदराबाद यांचा विचार करा. उदगीर हे विकाराबाद–लातूर रोड लोहमार्गावर आहे. बिदर-जहीराबादवरून हैदराबाद गाठता येते. ४८ तासांच्या सुटीत मुलगी घरी येऊन दोन रात्री झोपून परत जाऊ शकते. दिल्लीहून उदगीरला यायचे तर आधी विमानाने हैदराबाद, तेही जागा उरली तर मिळणाऱ्या स्टाफ तिकिटावर, आणि मग रेल्वे. त्यात विश्रांती कुठली?

अंबाजोगाईकर

सगळे बरोबर आहे, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती मी थोडक्यात बोलतो. दर, हमी, रिग हे सगळे कंपनी जिवंत असेपर्यंत. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. बंद पडलेल्या एका कंपनीत मी होतो, नाव लिहीत नाही. शेवटचे काही महिने पगार "पुढच्या आठवड्यात" होत होता आणि थकलेले पैसे मिळवण्यासाठी आजही कागद सांभाळून ठेवले आहेत. त्यामुळे कंपनीची विमाने किती, कर्ज किती, पगार वेळेवर होतो का, हे तिथल्या शिपायापासून इंजिनिअरपर्यंत विचारा.

आणि स्पर्धेचे म्हणाल तर देशांतर्गत बाजारातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोकडे आणि उरलेल्यांतला मोठा वाटा एअर इंडिया समूहाकडे आहे. जायचे झाले तर जाणार कुठे? त्यात २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये अकासा या विमान कंपनीचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, तर कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली. ओढाताण आहे हे खरे, पण दोरी वैमानिकाच्या पायालाही बांधलेली आहे.

उदगीरचे गुरुजी

सर्वांचे आभार. मुलीने सगळी उत्तरे वाचली आणि दोन्ही कंपन्यांना ईमेल पाठवून स्टँडबाय, डेडहेड, प्रशिक्षणकाळातील हमी आणि रजा व साप्ताहिक विश्रांती यांबद्दल लेखी विचारणा केली. पहिल्या कंपनीने उत्तर दिले: प्रशिक्षण संपून लाइनवर, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवर, सोडेपर्यंत हमी लागू नाही, रजेच्या प्रमाणात हमी कापली जाते, घरच्या स्टँडबायला पैसे नाहीत. दुसरीने सांगितले की ४० तासांची हमी लाइन ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून आहे, रजेमुळे ती कापली जात नाही आणि स्टँडबायच्या दर चार तासांमागे एक तास धरला जातो. मात्र तो तास हमीच्या ४० तासांतच मोजला जातो. हे ऐकून साडेबावन्नचा हिशेब मी पुन्हा मांडायला घेतला आहे. दोन शंका उरल्या: बाँड आणि नोटीस एकमेकांत कसे गुंततात, आणि वैद्यकीय तपासणीत मुलगी काही काळ अपात्र ठरली तर काय?

जालना ते अंधेरी

गुरुजी, या उत्तरांनंतर माझा कल बदलतो. ७० तासांची हमी रजेने कापली जात असेल आणि पहिले काही महिने मुळात नसेलच, तर वर्षाच्या सरासरीने ती ७० राहत नाही. समजा, पहिले चार महिने हमी नाही आणि उरलेल्या आठ महिन्यांत मिळून २४ दिवस रजा घेतली, तर त्या आठ महिन्यांची हमी सरासरी ६३ तासांची होते, आणि ती बारा महिन्यांवर पसरली की महिन्याला ४२ तास. म्हणजे कर्जाचा भार सर्वांत जास्त असणाऱ्या पहिल्या वर्षापुरत्या दोन्ही हम्या तासांत जवळजवळ सारख्या आणि रुपयांत दुसरीची मोठी. दुसऱ्या वर्षापासून चित्र पुन्हा पालटते हे ध्यानात ठेवा. तिथे हैदराबादचा बेस आणि विमानांमागे वैमानिकांची संख्या यांना तोलून निर्णय घ्यावा लागेल.

बाँडबद्दल: बाँड हा प्रशिक्षणखर्चाच्या वसुलीचा करार असतो आणि नोटीस हा डीजीसीएचा नियम आहे, त्यामुळे एक पाळले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. बाँडची रक्कम सेवेच्या वर्षांगणिक घटत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, हे पाहा. मुलीने टाइप रेटिंग स्वतःच्या पैशांनी केले आहे, तेव्हा कंपनीने नेमक्या कोणत्या प्रशिक्षणावर किती खर्च केला म्हणून एवढी रक्कम, हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. कंपनीने बेस बदलला किंवा पगार थकवला तर बाँड रद्द होईल असे वाक्य घालून मागा. नवख्याला ते मिळेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय कोणालाही मिळालेले नाही.

वैद्यकीय अपात्रतेसाठी लॉस ऑफ लायसन्सचा विमा असतो. काही कंपन्या तो गटविमा म्हणून काढतात, काही वैमानिकावर सोडतात. त्यात तात्पुरती अपात्रता धरली आहे की फक्त कायमची, किती दिवसांनंतर पैसे सुरू होतात आणि गरोदरपणामुळे उड्डाण थांबल्यास कंपनी जमिनीवरचे काम देते की बिनपगारी रजा, या तीन गोष्टी लेखी घ्या. पहिल्या कंपनीने रजेच्या प्रमाणात हमी कापली जाते म्हटले आहे, त्यात आजारपणाची रजाही येते का, हे त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारून घ्या, दूरध्वनीवर नको.